सान मिगेलच्या आदल्या दिवसाची फुलं

४ सप्टेंबर

ताई,

इकडून तिकडे गाडीनं सामान पोचवणारा वुल्फ्रानो हे पत्र तुझ्या हातात देईल आणि तू ते न उघडता ओट्यावर टाकशील, हे मला ठाऊक आहे. टाक. फक्त त्याच्यावर गरम कढई ठेवू नकोस. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद धरला. वाळक्या मिरच्यांच्या पिशवीत तळाशी घालून देते आहे, तेव्हा वाचताना शिंका आल्या तर मला शिव्या घालू नकोस.

आमचं बरं चाललंय. पाऊस यंदा वेळेवर झाला. खालच्या रानातला मका एल्पिदियोच्या डोक्याच्या वर गेलाय आणि हा माझा नवरा रोज संध्याकाळी स्वतःच्या पोरांसारखं त्याचं कौतुक सांगत बसतो. टेकडीच्या उतारावर पेरिकोन फुलायला लागलाय. सगळा उतार पिवळा झालाय आणि वारा आला की बडीशेपेसारखा वास थेट चुलीपर्यंत येतो. या महिनाअखेरीला सान मिगेलचा सण. तिकडे शिकागोत तुम्ही काय करता त्या दिवशी? दाराला प्लास्टिकची फुलं लावत असाल.

तुझा नाबोर ठीक आहे. उंच झालाय. मोटरसायकल घेतलीय त्यानं.

पाच वर्षांपूर्वी तू मला फोनवर जे बोललीस ते मी विसरलेले नाही. मी तुझ्या मुलाला तुझ्याविरुद्ध फितवलं म्हणालीस. मी फितवलं नाही, ताई. तू त्याला तिकडे जन्म दिलास, दूध सुटल्याबरोबर आपल्या आईकडे, या घरात, पाठवलंस, आणि तो चौदा वर्षांचा झाल्यावर विमानाचं तिकीट पाठवलंस. तो म्हणाला, मी जात नाही. आता त्याला मी खांद्यावर टाकून विमानतळावर नेणार होते काय? मी यात कुठेच चुकले नाही आणि तू कधीतरी ते कबूल करशील अशी मी वाट पाहते आहे. ते असो.

दार मी आता दिवसाही लावून घेते. पावसाचं पाणी आत येतं म्हणून.

तुझी
ओतिलिया


१६ सप्टेंबर

ताई,

काल चौकात स्वातंत्र्याचा जयघोष झाला. नगराध्यक्षानं गच्चीवरून तीनदा 'विवा' म्हटलं आणि खालून बँडवाल्यांनी उत्तर दिलं, कारण त्यांना त्याचेच पैसे मिळतात. बाकी चौक रिकामा होता. एवढी मोठी घंटा बडवली, पण गावातल्या एकाही माणसाला घराबाहेर यावंसं वाटलं नाही. आम्ही दोघं दार लावून आत बसलो होतो आणि एल्पिदियो हळू आवाजात, जणू चोरून, 'विवा' म्हणाला.

पावसाचं पाणी आत येत नाही, ताई. मी तुला खरं लिहायला घाबरले होते. आज लिहिते.

ते लोक आलेत, बंदुकांवाले. कोण ते, हे तुला सांगायला नको. आधी शेजारच्या गावात होते, मग हायवेवर, आता इथे. त्यांचा म्होरक्या सेल्सो. आईच्या माहेरच्या गावचा. त्याची आई आपल्या जत्रेत मक्याच्या पानात उकडलेले तामाल विकायची, तू तिच्याकडचे गोड तामाल मागायचीस, तीच. आणि तुझा नाबोर फाट्यावर टायरवाल्याच्या दुकानासमोर वॉकीटॉकी घेऊन बसतो. कोण आलं, कोण गेलं, कुणाची गाडी, हे तो सांगतो. मोटरसायकल त्यांनी दिली. मी काय काय केलं म्हणून सांगू? रडले, भांडले, त्याच्या पाया पडले. तो म्हणतो, "मावशी, मी नुसता बघतो. बघायला काय लागतं?" आता सोडायचं म्हटलं तरी ते लोक सोडत नाहीत. आधी ज्यानं सोडलं त्याचं नाव गावात कुणी घेत नाही.

पण पत्र लिहायला बसले ते याच्यासाठी नाही. परवा नाबोर आला. मोटरसायकलवरून उतरलाच नाही, रस्त्यातूनच बोलला.

"काका, अठ्ठावीस तारखेला खालच्या रानात जायचं नाही. कुणीच जायचं नाही."

एल्पिदियो दारात कणसाची पानं सोलत होता. "कोण म्हणतं?"

"म्हणतात."

"म्हणणाऱ्याला सांग, मका माझा आहे. आणि सैतान काही तुमची परवानगी काढून येत नाही."

"काका, मी चेष्टा करत नाहीये."

"मी पण नाही. अरे, तुझी लंगोटं वाळत घातलीत मी, आणि तू मला माझ्या शेतात जायला बंदी घालतोस?"

नाबोरनं मोटरसायकल वळवली. मी त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावत गेले. तेव्हा तो हेल्मेट हातात धरून म्हणाला, "मावशी, काकाला आवर. त्या रस्त्यावर कोण उतरतं ते बघायचं काम माझं आहे. काका दिसला की मला सांगावं लागणार. नाही सांगितलं आणि दुसऱ्या कुणी पाहिलं, तर माझं काय होईल ते तुला कळतंय ना?"

कळलं, ताई. एल्पिदियोला तर तू ओळखतेस. सणाच्या आदल्या दिवशी देवदूत सान मिगेल सैतानाला वरून ढकलतो, आणि तो पडता पडता जिथे फूल नाही तिथे शिरतो, घरात नाहीतर पिकात. शेताच्या चारही कोपऱ्यांवर पेरिकोनचा क्रूस लावला नाही तर तो मक्यात लोळतो आणि उभं पीक आडवं होतं. एल्पिदियोच्या बापानं एका वर्षी लावला नव्हता, ती गोष्ट त्यानं आपल्याला किती वेळा ऐकवलीय. तो जाणारच. आणि फाट्यावर बसलाय तुझा मुलगा. एक जण शेतात उतरेल आणि दुसऱ्याला त्याचं नाव सांगावं लागेल. मला दोघंही हवेत.

ओतिलिया


२३ सप्टेंबर

ताई,

वुल्फ्रानो परत आला. तू पाठवलेले बूट पोचले. चिठ्ठी नव्हती. बूट नाबोरला होत नाहीत. तू चौदा वर्षांच्या पायाचे पाठवलेस, आता तो एकोणीस वर्षांचा आहे. तरी तो घेऊन गेला. मोटरसायकलच्या दांड्याला लेसनं बांधून नेले, म्हणाला, "असू दे, आईनं पाठवलेत."

बूट न्यायला आला तेव्हाही आत आला नाही. मी म्हटलं, "तामाल आहेत, गरम, ये की." त्यानं वर दाराच्या चौकटीकडे पाहिलं. गेल्या वर्षीचा क्रूस वाळून काळा पडलाय, पण खिळ्याला आहे.

"हे अजून आहे का?"

"असणारच. नवा लावेपर्यंत जुना काढायचा नसतो."

"मग नको, मावशी."

मी हसले. म्हटलं, हे काय नवीन! तो हसला नाही. आई त्याला लहानपणी भरवताना काय सांगायची ठाऊक आहे? सैतानाबरोबर चालणारा माणूस या फुलाखालून गेला तर जागच्या जागी वाळतो. गावात दुसरं कुणी असं म्हणताना मी कधी ऐकलं नाही. जेवावं म्हणून आईनं रचलं असेल. पण त्याच्या डोक्यात ते घट्ट बसलंय. एवढा बाप्या माणूस, कमरेला वॉकीटॉकी, आणि माझ्या उंबऱ्याबाहेर उभा राहून तामाल खातो. कागदातून, उभ्या उभ्या. मला त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता. तो आमच्याहून जास्त घाबरलेला आहे, ताई.

एल्पिदियोला मी सगळ्या तऱ्हेनं सांगून पाहिलं. पोटात दुखतंय म्हणून लोळले, त्यानं काढा करून दिला. कोयता लपवला, तर म्हणे, फुलं लावायला कोयता लागत नाही. शेवटी रागानं म्हणाले, "तू मेलास तर मका कोण कापणार?" त्यावर त्यानं हातातलं कणीस खाली ठेवलं. मग म्हणाला, "ओति, मी आज त्यांना घाबरून कोपरे सोडले, तर पुढच्या वर्षी ते म्हणतील शेत सोड."

खरंच आहे ते. पण खरं बोलणारी माणसं जिवंत राहिलेली मला बघायची आहेत.

तुझं तो ऐकायचा. लग्नाच्या वर्षी तू नुसतं डोळे वटारलेस आणि त्यानं दारू सोडली होती. मागचं आणि हे पत्र वुल्फ्रानोची बायको उद्या विमानानं तिकडे नेतेय, मिळालं की एकदा फोन कर. नुसतं म्हण, घरात बसा. दुसरं काही बोलू नकोस, फाट्यावर फोन हातातून काढून घेऊन ऐकतात. माझ्यावरचा राग तसाच ठेव, मला काही वाटणार नाही. पण फोन कर.

ओतिलिया


२९ सप्टेंबर, सकाळ

ताई,

देवळात घंटा वाजताहेत, फटाके फुटताहेत. प्रत्येक आवाजाला मी दचकते. फटाका कुठला आणि दुसरं काय, हे आता कानाला कळेनासं झालंय. थोडा वेळ आहे, तेवढ्यात काल काय झालं ते लिहिते. आज खोटं लिहायला वेळच नाही.

तुझा फोन आला नाही.

काल सकाळी मी फुलांचे क्रूस बांधले. घराच्या दाराला एक, आणि कोपऱ्यांचे चार. बांधताना मनात म्हणत होते, आज याचे पाय मोडू दे, साधे मुरगळू दे, म्हणजे तो जाणार नाही. नवऱ्यासाठी असली प्रार्थना करणारी बाई गावात मीच असेन. घराचा क्रूस जुन्याच्या जागी खिळ्याला अडकवला. एल्पिदियोनं टोपी घातली, चारी क्रूस छातीशी धरले आणि बाहेर पडला.

बाहेर नाबोरची मोटरसायकल आडवी उभी होती.

"काका, आत जा."

"बाजूला हो."

"काका, मला कशाला मारता तुम्ही?" असं म्हणाला तो, ताई. अगदी तसंच. तो फाट्यावर राहिला असता तर त्याला सांगावं लागलं असतं. म्हणून तो फाटा सोडून आला होता, आणि तेही त्याला महागात पडणार होतं. एल्पिदियोचा हात खाली आला. मग नाबोर म्हणाला, "द्या इकडे ती फुलं. मी लावतो. त्या रस्त्यावर मला कुणी अडवत नाही. मी त्यांचाच आहे ना."

एल्पिदियोनं चारी क्रूस एकदा मोजले. मग त्यानं ती फुलं लहान मूल द्यावं तशी त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, "आधी उगवतीकडचा कोपरा. मग उजवीकडून. आणि मनातल्या मनात सान मिगेलचं नाव घे." नाबोर मान हलवून गेला. आम्हाला दोघांना वाटलं, सुटलो. आम्ही किती मूर्ख आहोत बघ! त्याला रस्त्यावर फिरायची मुभा होती, रानात उतरायची नव्हती, हे आम्हाला सुचलं नाही. त्यालाही सुचलं नाही. त्याच्या डोक्यात फक्त मका होता.

दुपार झाली. मी मक्याची कणसं निखाऱ्यावर ठेवली आणि ती जळून कोळसा झाली तरी मला वास आला नाही.

तो पायी आला. मोटरसायकल नाही, एका पायात चप्पल नाही, सगळं अंग मक्याच्या पात्यांनी चिरलेलं. तीन कोपऱ्यांवर त्यानं फुलं लावली होती. चौथ्या कोपऱ्याशी, ओढ्याच्या बाजूला, सेल्सोची माणसं होती. माती उकरलेली होती. त्यानं तिथे काय पाहिलं ते मी लिहिणार नाही. तू त्याला विचारूही नकोस. त्यांनी त्याला हाक मारली आणि तो थांबला नाही. मक्यातून पळत आला.

आणि आमच्या दारात येऊन थांबला. भर रस्त्यात, उन्हात, सगळ्या गल्लीला दिसेल असा.

"आत ये!" मी ओरडले.

तो वर बघत होता. ताज्या क्रूसाकडे. "नाही येता येत, मावशी. माझ्या पाठीमागून काय आलंय मला माहीत नाही. घरात आणायचं नाही मला ते."

"अरे मुडद्या, आत ये!"

"मी वाळून जाईन," तो म्हणाला, आणि त्याचे दात वाजत होते. मी त्याचा हात धरून ओढला. एल्पिदियोनं दुसरा धरला. खांबासारखा उभा होता, हलेना. गल्लीच्या टोकाला गाड्यांचा आवाज आला. आईला चार शिव्या घातल्या मी त्या वेळी, आईला आणि तिच्या गोष्टींना. मग हात वर केला आणि तो क्रूस खिळ्यावरून उपटला.

वर्षातला हा एकच दिवस, ताई, ज्या दिवशी तो काढायचा नाही. एल्पिदियो किंचाळला, "आज? आज काढतेस?" मी सगळी फुलं हातात चुरगळली आणि चुलीत टाकली. आणि मोकळी चौकट बघून तुझा मुलगा आत आला. पाच वर्षांचा असताना यायचा तसा, डोकं खाली घालून.

मागच्या अंगणातली कणगी तुला आठवते. मका वाळून घरात यायला अजून दोन महिने आहेत, ती जवळजवळ रिकामीच होती. एल्पिदियोनं शिडी लावली, वरचं गवती टोपरं उचललं आणि नाबोर आत उतरला. शिडी बाजूला केली तोच दारावर थाप पडली.

सेल्सो होता. मागे आणखी दोघं. सेल्सोच्या खिशाला पेरिकोनची डहाळी टोचलेली होती, दोघांच्या टोप्यांनाही. गाडीच्या पुढच्या जाळीवर हा एवढा मोठा क्रूस. ओढ्याकाठी तसलं काम करून आले होते आणि फुलं मात्र एकानंही चुकवली नव्हती.

"काकू, नाबोर आलाय?"

"नाही," मी म्हणाले. आवाज माझा नव्हता.

"मग आत बघू द्या." त्यानं एक पाय उचलला. उंबऱ्यावर ठेवणार, तेवढ्यात सवयीनं वर पाहिलं. आपण सगळेच त्या दिवशी कुणाच्या घरात शिरताना वर बघतो. खिळा रिकामा होता. जुनंही नाही, नवंही नाही. पाय तसाच हवेत राहिला.

"फूल कुठाय?"

मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले.

"काकू, फूल कुठाय तुमचं?"

"काढलं," मी कसंबसं म्हणाले.

"काढलं? आज?" त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, आतल्या अंधाराकडे. माझे केस सुटलेले, हाताला पिवळं लागलेलं, डोळे कसे झाले असतील देव जाणे. मी मरणाची घाबरले होते आणि तो मला बघून घाबरला. मी ते डोळ्यांनी पाहिलं. त्यानं पाय मागे घेतला.

"तू जा रे आत," तो एकाला म्हणाला.

"मी? मी नाही. तुम्हीच जा."

"अरे, म्हातारा-म्हातारीच आहेत."

"मग जा ना तुम्ही."

दुसरा तर आधीच गाडीत जाऊन बसला होता. सेल्सोनं छातीवर क्रूसाची खूण केली, एकदा नाही, तीनदा. म्हणाला, "आला तर कळवा." हे त्यानं रस्त्याच्या मधोमध उभं राहून सांगितलं. आणि ते गेले. कोपऱ्यावर पाळतीला एक माणूस ठेवतील असं मला वाटलं होतं, पण त्या दाराकडे बघत उभं राहायला कुणी तयार झालं नसावं.

मी उंबऱ्यातच खाली बसले. एल्पिदियोनं पाणी आणलं. मला शिवीगाळ करेल वाटलं होतं, तर त्यानं माझ्या हातावरचा तो पिवळा रंग ओल्या फडक्यानं पुसला, एकेक बोट धरून.

आता आजचं. सेल्सोला वाटलेली भीती सणापुरती आहे. आजचा दिवस उलटला की ती उतरेल, आणि मग तो फुलाकडे बघणार नाही. म्हणून नाबोर आजच निघतो आहे. गावात यात्रेकरूंचे ट्रक आलेत आणि नाचणारे गल्लीगल्लीतून जाताहेत. एल्पिदियोचा चिनेलो नाचाचा पोशाख काढलाय, तो पायघोळ मखमली झगा, दाढीवाला मुखवटा, मोठी टोपी. त्यात आईलाही पोरगा ओळखू यायचा नाही. नाचत नाचत तो देवळामागे जाईल. तिथे वुल्फ्रानोची गाडी उभी आहे, तो आजच सुटतोय. त्याचा तिकडचा जन्माचा दाखला मी इतकी वर्षं जपून ठेवला होता, तो नाबोरच्या बनियनला आतून शिवलाय. तिकडचा जन्म आहे त्याचा, सरहद्दीच्या पुलावर त्याला अडवायचं कारण नाही. हे पत्रही त्याच दाखल्याबरोबर शिवते आहे. म्हणजे हे तुला मिळालं, तर तो पोचला.

आम्ही येत नाही. एल्पिदियो म्हणतो, मका उभा आहे. मी त्याच्याशी भांडले नाही. चौथा कोपरा उघडाच राहिला, त्याबद्दल तो एक शब्द बोललेला नाही, पण सकाळपासून तिकडच्या दिशेनं बघतोय.

मगाशी नाबोर म्हणाला, "मावशी, जाण्याआधी मी नवा क्रूस बांधून लावतो." मी नको म्हटलं. ते लोक परत आले तर त्यांना खिळा रिकामाच दिसला पाहिजे. निदान एखाद्याचा तरी पाय अडेल. तेव्हा आता वर्षभर आमचं दार असंच राहील. मला त्याची भीती वाटते, ताई. सेल्सोची वाटते तेवढीच. रात्री वाऱ्यानं कडी हलली आणि मी एल्पिदियोला घट्ट धरलं. आत काय शिरलंय आणि काय शिरेल, मला माहीत नाही. पण दुसरा मार्ग नव्हता, आणि पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

बँड जवळ आलाय. त्यानं मुखवटा घातलाय आणि आतून रडतोय, मुखवट्याची दाढी ओली झालीय.

तो तुझ्या दारात येऊन उभा राहील आणि हे शेवटचं पान आधी तुझ्या हातात देईल. आधी वर चौकटीकडे बघेल. तिथे काही लावलेलं असेल, फूल, चित्र, काहीही, तर काढून टाक. तो कसा दिसतो, एवढा मोठा कधी झाला, पाच वर्षं फोनवर का बोलला नाही, हे सगळं नंतर विचार. दारात उभं करून काही विचारू नकोस. हात धर आणि आत ओढ. कालपासून त्यानं काही खाल्लेलं नाही.

ओति